पहाटेची ५२ आणि सकाळची २४०

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ५२, वजन ५६ किलो. टाइप २ मधुमेह १४ वर्षांपासून, इन्सुलिन गेली ३ वर्षं. रात्री १० वाजता ३० युनिट ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं, म्हणजे लाँग अॅक्टिंग इन्सुलिन), तिन्ही जेवणांआधी प्रत्येकी ८ युनिट झटपट काम करणारं इन्सुलिन, शिवाय ग्लिमेपिराइडची जुनी गोळी सकाळी अजून चालू आहे. दोन महिन्यांपासून संध्याकाळी पाऊण तास चालणं सुरू केलंय. मागच्या तपासणीत एचबीए१सी (सरासरी शुगरची तपासणी) ६.७ आलं, डॉक्टरांनी कौतुक केलं. पण आठवड्यातून दोनदा तरी दुपारी ४ च्या सुमारास शुगर लो होते, आणि कधीकधी पहाटे ३ ला. परवा पहाटे मशीनवर ५२ दिसली तेव्हा घाम नव्हता, थरथर नव्हती. परवाच मिस्टरांवर विनाकारण ओरडणंही झालं. लो झाली की हाताला लागेल ते खाल्लं जातं, सकाळी २४० निघते, मग नाश्त्याच्या डोसवर ६ युनिट जास्तीचे. अडीच तासांनी २१० दिसली की आणखी ४. मिस्टर रोज पहाटे ३ चा अलार्म लावून उठतात. ते म्हणतात, रात्रीचं इन्सुलिन सरळ निम्मं कर. वाचक ताई विचारतात: "खाण्याच्या वेळा सांभाळण्यात मीच कमी पडते का? कंट्रोल हवा असेल तर हे लो सोसायलाच हवेत, की शुगर थोडी चढलेलीच ठेवून शांतपणे जगू? डॉक्टरांची पुढची वेळ दोन महिन्यांनी आहे."

ताई,

तुमच्या पत्रात वेळा आहेत, आकडे आहेत, कोणत्या दिवशी किती युनिट जास्तीचे घेतले तेही आहे. इतकी नोंद ठेवणारं माणूस शिस्तीत कमी पडतं, हे मला पटत नाही. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: नाही. आता दोष कुठे आहे ते शोधू.

"जेवायला उशीर झाला म्हणून लो झाली" असं आपण इतक्या सहज म्हणतो की त्यावर कुणी थांबत नाही. रात्री घेतलेल्या लाँग अॅक्टिंग इन्सुलिनचं काम काय? पोटात काही नसताना, यकृत जी साखर थोडी थोडी रक्तात सोडत असतं तेवढीच आवरून धरणं. हा डोस बरोबर असेल तर जेवण तास-दीड तास लांबलं म्हणून शुगर कोसळायला नको. ती कोसळते, आणि सावरायला तुम्हाला खावं लागतं, म्हणजे तुम्ही भुकेसाठी न खाता इन्सुलिनला पुरवठा करताय. म्हणून लो झाली की "मी काय खाल्लं नाही?" याच्या आधी "मागच्या चार-पाच तासांत माझ्या अंगात कोणतं इन्सुलिन काम करत होतं?" हे विचारा. दोष पुढच्या डोसचा नसतो, मागच्याचा असतो. बहुतेक जण लो झाल्यावर पुढचा डोस गाळतात आणि मागचा तसाच ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडतं.

आता तुमचे दोन वेळचे लो या प्रश्नासमोर ठेवून बघू.

पहाटे ३. रात्रीच्या जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन पंधरा-वीस मिनिटांत काम सुरू करतं, तास-दोन तासांत जोरात असतं आणि तीन ते पाच तासांत संपतं. तुम्ही साडेआठला जेवत असाल तर पहाटे ३ पर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. उरतं ते ग्लार्जिन. ३० युनिट, ५६ किलोला, म्हणजे किलोमागे अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त. अर्ध्या युनिटच्या वर गेलं की हा डोस गरजेपेक्षा मोठा झालाय का, हे तपासायची वेळ आली असं डॉक्टर मानतात; त्यात रात्रीचे लो असतील तर शंका आणखी बळावते. शिवाय तुमचं चालणं. व्यायामाने स्नायू इन्सुलिनला जास्त प्रतिसाद देऊ लागतात आणि हा परिणाम २४ तासांपर्यंत टिकू शकतो, म्हणून संध्याकाळच्या चालण्याची किंमत कधीकधी पहाटे मोजावी लागते. तुमचा ३० चा आकडा चालणं सुरू होण्याच्या आधीचा आहे ना? तेव्हा तो कदाचित बरोबर असेलही. तुम्ही चांगलं काम केलंत, प्रिस्क्रिप्शनला ते अजून कळलेलं नाही.

यावर एक साधी चाचणी आहे. ज्या रात्री झोपताना शुगर ठीक आहे आणि मध्ये काही खाल्लं नाही, त्या रात्री झोपतानाचा आणि सकाळचा आकडा शेजारी शेजारी लिहा. रात्रभरात ५० किंवा त्याहून जास्त उतार पडत असेल तर लाँग अॅक्टिंग जास्त होतंय अशी दाट शंका घ्यायला हवी.

दुपारी ४. इथे गुंता जास्त आहे, आणि माझ्या मते याचं मूळही पहाटेतच आहे. साखळी अशी दिसते: पहाटे लो, मग हाताला लागेल ते खाणं, सकाळी २४०, मग नाश्त्याच्या ८ वर ६ जास्तीचे. अडीच तासांनी २१०. त्या २१० मध्ये नाश्ता अजून आहे आणि सकाळचं इन्सुलिनही अजून संपलेलं नाही. मीठ विरघळायच्या आत चव घेऊन पुन्हा मीठ टाकावं, तसे वरचे ४ युनिट पडतात. मग दुपारच्या जेवणाआधीचे ८. या सगळ्यांच्या शेपट्या एकमेकींवर चढतात आणि ४ वाजता तुम्ही टेबल धरून उभ्या असता. वहीत बघा बरं: दुपारचे लो पहाटेच्या लोच्या पाठोपाठच्याच दिवशी येतात का? येत असतील तर रात्रीचा डोस सुधारला की दुपारचं निम्मं काम आपोआप होईल. शांत रात्रीनंतरही ४ ला लो होत असेल, तर मात्र दुपारच्या जेवणाचे ८ युनिट जास्त आहेत, किंवा ती ग्लिमेपिराइडची गोळी.

या गोळीबद्दल थोडं थांबते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढायला लावतं, आणि पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही. तिचा परिणाम जवळपास दिवसभर राहतो. जेवणाआधीचं इन्सुलिन सुरू झालं की ही गोळी साधारणपणे कमी किंवा बंद केली जाते. तुमची राहून गेली असावी. जुन्या यादीतल्या गोळ्या अशाच पुढे चालत राहतात. स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत ती पहिली लिहा. दुसरा प्रश्न क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा. शरीरातलं इन्सुलिन काढून टाकण्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो. मूत्रपिंड मंदावलं की तेच युनिट जास्त वेळ टिकतात आणि जुना डोस नव्याने भारी पडतो. मधुमेहाला १४ वर्षं झाली आहेत; ही तपासणी अलीकडची हवी.

सकाळचे ६ युनिट कुठून आले, हे पत्रात नाही. अंदाजानेच असावेत. झटपट इन्सुलिनसाठी डॉक्टर एक ढोबळ हिशेब वापरतात: १८०० ला दिवसाच्या एकूण युनिटनी भागायचं. तुमचे एकूण ५४, म्हणजे एक युनिट साधारण ३३ ने शुगर उतरवतं. २४० वरून १४० ला यायला ३ युनिट पुरतात. ६ युनिट म्हणजे जवळजवळ २०० चा उतार. २४० मधून २०० वजा करून बघा. हा हिशेब सुरुवातीचा अंदाज आहे, प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा निघतो, आणि तुमचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायला हवा. तोपर्यंत एक नियम पाळा: झटपट इन्सुलिन घेतल्यापासून चार तास होईपर्यंत त्यावर दुरुस्तीचा दुसरा डोस चढवायचा नाही. आणि पहाटेच्या लोनंतर सकाळी चढलेली शुगर नेहमीच्या पूर्ण दुरुस्तीने खाली आणायची घाई करायची नाही. लोनंतरच्या दिवसात दुसरी लो सोपी होते, कारण शरीराची इशारा द्यायची ताकद पहिल्या लोमध्ये खर्च झालेली असते.

"लो झाली की शरीर उसळी मारतं, म्हणून सकाळी शुगर वाढते" असंही तुम्हाला कुणी सांगितलं असेल. ही समजूत जुनी आहे. आता अंगावर लावायच्या शुगर सेन्सरने रात्रभराचा आलेख दिसतो, त्यात रात्री लो झालेल्यांची सकाळची शुगर बहुधा कमीच निघते. तुमची २४० मला ताटातून आलेली वाटते. त्यात खादाडपणा नाही. मेंदूला साखर मिळत नाही तेव्हा तो जी भूक लावतो तिला थांबा म्हणणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून निर्णय त्या क्षणावर सोडायचाच नाही. उशाशी १५ ग्रॅम ग्लुकोजच्या पुड्या मोजून ठेवा. तेही नसेल तर साखरेचे तीन सपाट चहाचे चमचे पाण्यात, किंवा अर्धा कप फळांचा रस. घ्या, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. आकडा सावरल्यावरही धडधड आणि भूक काही वेळ राहते, ती खरी मानू नका. पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर थोडं काही खा, झालं. चॉकलेट, आइस्क्रीम यांतल्या तुपा-लोण्यामुळे साखर उशिरा रक्तात येते. लो सावरायला उशीर आणि नंतर चढ जास्त.

आता कौतुकाच्या ६.७ बद्दल. एचबीए१सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ६.७ म्हणजे सरासरी शुगर साधारण १४५. आणि ५० व २४० यांची सरासरी काढलीत तर तीही १४५ च येते. त्या रिपोर्टवर तुमच्या पहाटे लिहिलेल्या नाहीत, आणि तुम्हीही त्या डॉक्टरांना सांगितल्या नाहीत, असं पत्रावरून दिसतं. का? कौतुक कमी होईल म्हणून? की "खाण्याकडे लक्ष द्या" हे पुन्हा ऐकावं लागेल म्हणून? दोन्ही समजू शकते. पण डॉक्टरांनी ज्या औषधाचा निकाल बघून शाबासकी दिली, त्याचा अर्धा निकाल त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

"शुगर थोडी चढलेलीच ठेवू का?" या तुमच्या प्रश्नात अर्धं उत्तर दडलंय, आणि तुम्हाला वाटतं तशी ती हार नाही. ५२ ला घाम नाही, थरथर नाही, ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ. ५४ च्या खालची लो ही गंभीर मानली जाते, आणि ती न कळणं त्याहून वाईट. वरचेवर लो होऊ लागली की शरीर अॅड्रेनालिनचा इशारा उशिरा आणि हळू द्यायला लागतं. मग घामाच्या आधी गोंधळ येतो. परवा विनाकारण मिस्टरांवर ओरडलात असं लिहिलंय, तेव्हा शुगर बघितली होती का? ब्लडप्रेशरसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तो धडधड आणि थरथर आणखी झाकतो, तेही डॉक्टरांना विचारा. दिलासा एवढाच की हा इशारा परत येतो: दोन-तीन आठवडे शुगर ७० च्या खाली जाऊच दिली नाही तर बऱ्याच जणांना लक्षणं पुन्हा जाणवायला लागतात. म्हणून हे काही आठवडे लक्ष्य थोडं वर ठेवणं हा उपचारच आहे. मी जेवणाआधी १०० ते १५० आणि झोपताना १२० ते १८० यावर डॉक्टरांशी बोला असं सुचवेन. पण "चढलेलीच राहू दे" असं मोकळं सोडू नका. आकडा आणि मुदत दोन्ही ठरलेली हवीत, नाहीतर काही आठवड्यांचं वर्ष होतं आणि डोळे, मूत्रपिंड त्याचा हिशेब ठेवतात.

मिस्टरांचं निदान बरोबर आहे, माप चुकलंय. ३० चे १५ केले तर दोन-तीन दिवसांत सकाळची शुगर ३०० कडे जाऊ शकते, तुम्ही घाबरून पुन्हा ३० वर याल, आणि "कमी करून बघितलं, जमलं नाही" असा चुकीचा निष्कर्ष घरात कायमचा राहील. कारण सापडत नसलेल्या लोनंतर डोस १० ते २० टक्के कमी करायचा ही प्रचलित रीत आहे. तुमच्यासाठी तो २७ ते २४ युनिट होतो. बदलल्यावर तीन-चार दिवस तोच ठेवा, कारण ग्लार्जिनचा बदल एका रात्रीत दिसत नाही. रोज मागचा आकडा बघून दोन वर, दोन खाली करत राहिलात तर कशाने काय झालं हे कुणालाच कळणार नाही.

आणि यासाठी दोन महिने थांबायचं नाही. ५४ च्या खालची लो आणि तीही न कळलेली, हे त्याच दिवशी फोन करण्याचं कारण आहे. "मला लो होते" एवढंच सांगितलंत तर "वेळेवर खा" हेच ऐकू येईल. असं सांगा: "पहाटे ३ ला ५२, लक्षण काही नाही, रात्री ३० ग्लार्जिन, दोन महिन्यांपासून चालते, दुपारी ४ ला आठवड्यातून दोनदा लो, ग्लिमेपिराइड चालू आहे. रात्रीचे २७ करू की २४? आणि गोळीचं काय?" हे ऐकलं की डॉक्टर दोन मिनिटांत उत्तर देऊ शकतात. आज फोन लागलाच नाही आणि काल पहाटे लो झाली असेल, तर आज रात्री २७ घेणं हे ३० घेण्यापेक्षा सुरक्षित आहे. उद्या पुन्हा फोन करा. डोस वाढवण्याचा निर्णय मात्र असा एकट्याने घेऊ नका.

टोचायच्या जागेवरूनही बोटं फिरवून बघा. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचलं की कातडीखाली मऊ गाठी होतात. तिथे दुखत नाही म्हणून हात तिथेच जातो, आणि तिथून इन्सुलिन कधी मुरतं, कधी नाही. गाठी सापडल्या तर जागा बदला, पण डॉक्टरांना सांगून: निरोगी कातडीतून तेच युनिट जास्त जोरात लागतात.

तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतरांसाठी थोडं. टाइप १ असेल तर लोच्या भीतीने लाँग अॅक्टिंग पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे, आजारपणात जेवण जात नसलं तरीही. मिक्स्ड इन्सुलिन (झटपट आणि लांब काम करणारं एकाच बाटलीत) घेणाऱ्यांना वरचा शोध तितका सोपा नाही, कारण सकाळच्या इंजेक्शनचा अर्धाअधिक भाग दुपारी काम करतो; त्यांनी दुपारचं जेवण टाळूच नये. अकार्बोज किंवा वोग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्यांपैकी एखादी चालू असेल तर लोमध्ये साखर लवकर चालत नाही, ग्लुकोजच लागतं. बाटली ४० ची आहे की १०० ची (एका मिलीलीटरमध्ये तेवढे युनिट) आणि सिरिंजही तीच आहे का, हे दर नव्या बाटलीला बघा. १०० ची बाटली ४० च्या सिरिंजने भरली तर १० च्या खुणेला २५ युनिट जातात. दारूमुळे यकृताचं साखर बनवण्याचं काम अडतं आणि लो कित्येक तासांनी, झोपेत येते. मीटरचा आकडा खालच्या पातळीत १५ ने इकडेतिकडे असू शकतो, तेव्हा ७४ दिसून अंग थरथरत असेल तर अंगावर विश्वास ठेवा. सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलात तर तो खोटी लो दाखवतो. बोट टोचून खात्री करा. गाडी चालवताना लो झाली तर बाजूला थांबा, आणि शुगर सावरल्यावरही पाऊण तास चावी हातात घेऊ नका. आकडा आधी येतो, डोकं नंतर. सत्तरीच्या पुढे, एकटं राहणाऱ्या, इतर आजार असलेल्या माणसाला ७ च्या खालचं एचबीए१सी हवंच असं नाही. अशांसाठी ८ च्या आतबाहेरही शहाणपणाचं असू शकतं.

तुमच्या मिस्टरांना हे वाचायला द्या. लो झालेल्या माणसाशी वाद घालू नका. "मला काही झालेलं नाही" असं त्या म्हणतील, तरी ग्लुकोजचा पेला हातात द्या. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, अॅम्ब्युलन्स बोलवा. ग्लुकागॉन (बेशुद्धीतही देता येणारं, शुगर वाढवणारं औषध) घरात ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. ते मिळालं तर कसं द्यायचं ते आधीच शिकून घ्या, कारण त्या वेळी पाकिटावरचं वाचायला सुचत नाही. आणि अलार्म: डोस बदलल्यावर पहिल्या तीन-चार रात्री राहू द्या, पहाटे ३ चा आकडा लिहा. पुढचा प्रत्येक बदल झाल्यावर पुन्हा दोन-तीन रात्री लावा. मधल्या रात्री आकडे ९० च्या वर राहत असतील तर तो बंद करून तुम्ही दोघंही झोपा.